पहिल्या अक्षरावर तिकीट

माझ्या मुलीच्या वर्गाच्या बाईंवर मी जळायचे. राग यायचा, खटकायच्या, असलं गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. जळायचे. मुलगी दुसरीत होती, मराठी शाळेत, आणि घरात उठता-बसता एकच जप चाललेला असायचा. बाई म्हणतात नखं कापायची. बाई म्हणतात ताटात भात टाकायचा नाही. बाईंची साडी आज अबोली रंगाची होती. आणि हे सगळं ती अडखळत सांगायची, "बा-बा-बाई म्हणतात." म्हणजे ती एक बाई मला दर वेळी तीनदा ऐकायला लागायची.

मुलीचं बोलणं तिसऱ्या वर्षापासून अडायचं. आधी सगळे म्हणाले, होईल आपोआप बरं. सासूबाईंनी गावाहून वेखंड पाठवलं, उगाळून जिभेला लावायला. ते लावलं. मग डॉक्टर झाले. ते म्हणाले, "घरात घाई करू नका, तिला वेळ द्या." मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, मी एसटीत कंडक्टर आहे." त्यांना ते उत्तर कळलं नसावं, कारण त्यांनी नुसती मान हलवून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

माझी गाडी खोपटहून भिवंडीला जाते. चढणाऱ्या माणसाने तोंड उघडलं की पहिल्या अक्षरावर मला कळतं त्याला कुठे जायचंय. 'क' आला की कशेळी, 'का' आला की काल्हेर, 'पू' म्हटलं की पूर्णा. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिकीट त्याच्या हातात. बाळकुम नाका यायच्या आधी माझं अख्ख्या गाडीचं बुकिंग संपलेलं असतं, आणि डेपोत हे सगळ्यांना माहीत आहे. एक जुने ड्रायव्हर म्हणायचे, "ही बया माणूस बघून तिकीट काढते, तोंड उघडायची पण गरज नाही." मला त्याचा केवढा अभिमान होता!

घरीही माझं तेच. मुलगी "पा-पा" करायला लागली की मी म्हणायचे, "पाणी ना? घे." "भू-भू" झालं की, "भूक लागली, बस, वाढते." मला वाटायचं मी तिला मदत करते. इतकी माया कोण करतं हो, लेकराला शब्दसुद्धा उचलायला लावत नाही! कधीकधी चुकायचंही. तिला पावडर हवी असायची आणि मी पाणी पुढे करायचे. ती पाणी पिऊन टाकायची.

आम्ही बाळकुमला राहतो. नवरा डोंबिवलीत मानपाड्याच्या बाजूला रंगाच्या कंपनीत आहे, तीन शिफ्टमध्ये. माझी ड्युटी एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारची. मुलीला रिक्षावाले काका शाळेतून आणून सोडायचे आणि आमच्यापैकी कोणीतरी येईपर्यंत ती शेजारच्या काकूंकडे असायची. पालकसभा नेमकी शनिवारी सकाळी. मला शनिवारी रजा मिळायची नाही. मग दुपारी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो यायचे. बाकीच्या आया नीट इस्त्रीच्या ड्रेसमध्ये, कोणी बाईंच्या खांद्याला खांदा लावून, कोणी बाईंच्या हातात गजरा देताना. ह्यांना बरं जमतं सगळं. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहायचं, बाईंना "आज काय भाजी केलीत" विचारायचं, आणि घरी जाऊन दुपारी झोपायचं. मी तो फोटो मोठा करून बघायचे, बाईंचा चेहरा नीट दिसतोय का ते. दर वेळी त्या मान वळवून कुठल्या तरी मुलाकडेच बघत असायच्या.

एकदा मी नवऱ्याला पाठवलं. थर्ड शिफ्ट करून तो तसाच शाळेत गेलेला. मुलांच्या छोट्या बाकावर बसला आणि आपला नंबर येईपर्यंत झोपला. बाईंनी त्याला उठवलंच नाही. सगळे पालक गेल्यावर शिपाईमामांनी चहा दिला आणि हा चहा पिऊन घरी आला. संध्याकाळी मुलीच्या डायरीत बाईंच्या गोलगोल अक्षरात लिहिलेलं होतं: "बाबा येऊन गेले. दमले होते, म्हणून उठवले नाही. बोलणे राहिले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझी दया करायला ती बाई कोण लागून गेली?"

"अगं, अहो-जाहो तरी कर," नवरा म्हणाला. "चांगल्या आहेत. चहा पण मस्त होता."

म्हणजे हाही गेला तिकडे.

पण खरी ठिणगी पडली ती वाढदिवसाला. मुलगी सात वर्षांची झाली त्या दिवशी माझी सकाळची ड्युटी होती. पहाटे निघताना ती झोपलेली. मी ठरवलेलं की संध्याकाळी छान औक्षण करायचं. येताना पेढे घेतले, चांदीचं निरांजन घासलं, पाट मांडला, रांगोळीची दोन बोटं ओढली. ती काकूंकडून आली ती कपाळावर कुंकवाचा मोठा टिळा आणि त्यावर अक्षता चिकटलेल्या, अशी.

"ये, बस पाटावर."

"मा-माझं झालं. बा-बाईंनी केलं."

त्या शाळेत पद्धतच होती. ज्याचा वाढदिवस त्याला बाई वर्गात सगळ्यांसमोर ओवाळायच्या. मला ते माहीत नव्हतं. फाटकाशी उभ्या राहणाऱ्या आयांना माहीत असणार. मी म्हटलं, "बरं, मग तोंड धू, आपण पुन्हा करू." तर तिने दोन्ही हातांनी कपाळ झाकलं. पुसू द्यायलाच तयार नाही. माझ्या पोटच्या पोरीने माझ्यापासून कपाळ झाकलं! शेवटी मी माझा टिळा बाईंच्या टिळ्याच्या शेजारी लावला. फोटोत ते दोन टिळे दिसतात. तो फोटो मी कोणाला पाठवला नाही.

त्याच आठवड्यात डायरीत चिठ्ठी आली. "आईंनी एकदा भेटावे." मी खाली लिहिलं, "रजा मिळत नाही. काय ते लिहून कळवावे." दुसऱ्या दिवशी उत्तर, "लिहून कळवण्यासारखे नाही. तुम्ही सांगाल त्या दिवशी, सांगाल त्या वेळेपर्यंत मी शाळेत थांबेन." मी वाचलं आणि मनात म्हटलं, थांब तर मग. मुद्दाम लिहिलं, "बुधवारी दुपारी अडीच." शाळा साडेबाराला सुटते. म्हटलं, बघू किती थांबतेस.

बुधवारी ड्युटी संपवून मी खाकी ड्रेसवरच शाळेत गेले. मैदान रिकामं, शिपाईमामा झाडाखाली डुलक्या घेत होते. दुसरीचा वर्ग पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या अगदी शेजारी. जिना चढताना मला आतून एका मुलीचा आवाज ऐकू आला. ती काहीतरी सांगत होती. मोठी गोष्ट होती आणि तिला मधे दम खायलासुद्धा फुरसत नव्हती. "आणि मग ना, मांजरीने एकेकाला तोंडात धरून जिन्याखाली नेलं, तीन पिल्लं आहेत, दोन काळी आणि एक ठिपक्यांचं, आणि काकू म्हणाल्या हात लावायचा नाही, नाहीतर ती त्यांना दुसरीकडे नेईल, पण मी लांबून बघितलं, त्यांचे डोळेच उघडले नाहीयेत अजून." मी पायरीवर थांबले. मला वाटलं, कोणाची ही पोर, किती गोड बोलते! आमची अशी बोलली असती तर काय हवं होतं.

मग 'काकू' हा शब्द माझ्या डोक्यात उशिरा पोचला. जिना आमचा होता. मांजर आमच्या बिल्डिंगचं होतं. जिन्याखाली पिल्लं झाली आहेत हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं.

मी दारात गेले. मुलीने वळून पाहिलं. "आ-आ-आ," ती म्हणाली, आणि तिथेच अडकली. आत्ता, या क्षणापर्यंत नळासारखं वाहणारं पोर मला बघून बंद पडलं. मत्सराने मी आयुष्यात कधी एवढी पेटले नव्हते. नवऱ्याने दुसरी बाई केली असती तरी इतकं लागलं नसतं, खोटं कशाला सांगू.

"या आई, बसा," बाई म्हणाल्या. शाळेत पालकांना अशीच हाक मारतात, मुलाची आई म्हणून आई. मला तेही टोचलं. बाई दिसायला एवढ्याशा होत्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. सर्दी झालेली, नाक लाल, पदराला खडू लागलेला. ज्या बाईसाठी मी इतके महिने धुमसत होते ती ही! त्यांनी मुलीला खाली कुंड्यांना पाणी घालायला पाठवलं.

"तुमच्याशी छान बोलते ती," मी म्हटलं.

"सुरुवातीला नव्हती..."

"बोलत. माहितीये. घरीही नाही बोलत."

"मग मी पहिले दोन महिने..."

"मोठ्याने वाचायला लावलं असेल."

"नाही. पहिले दोन महिने..."

"मग गाणी?"

बाईंनी रुमालाने नाक पुसलं आणि रुमाल टेबलावर ठेवला. "अहो आई, माझं तिकीट मला मागू तरी द्या."

माझे कान तापले. एक सणसणीत उत्तर जिभेवर आलेलं, पण बाई हसत नव्हत्या, टोमणाही मारत नव्हत्या. त्या नुसत्या माझ्याकडे बघत बसल्या होत्या, मी गप्प होईपर्यंत. मी गप्प झाले.

"पहिले दोन महिने मी काहीच केलं नाही," त्या म्हणाल्या. "ती बोलायला लागली की हातातलं काम खाली ठेवायचं आणि तिचं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. एवढंच."

"तुम्हाला वेळ असतो."

"बेचाळीस मुलं आहेत वर्गात. वेळ कुठला? म्हणून तर शाळा सुटल्यावर दहा मिनिटं ठेवून घेते तिला. रिक्षावाल्या काकांना सांगितलंय. आज तुम्ही येणार म्हणून जास्त वेळ थांबवलं."

म्हणजे रिक्षावाल्यालाही माहीत. ह्या जगात माझी मुलगी बोलते हे फक्त मलाच माहीत नव्हतं.

"घरी माझंही काही वेगळं नाही," बाई म्हणाल्या. "स्वयंपाक करताना कोणी मधे बोललं की मी खेकसते. पण ती रोज मला काहीतरी सांगते आणि म्हणते, हे मी घरी आईला सांगणार. दुसऱ्या दिवशी मी विचारते, सांगितलंस का? तर मान हलवते, नाही म्हणून. रोज."

मी खिडकीशी गेले. खाली मैदानात मुलगी कुंडीत पाणी ओतत होती, निम्मं तिच्या बुटांवर पडत होतं.

बाईंनी एक काम दिलं. रोज डायरीत एक ओळ लिहायची. मुलीने मला पूर्ण सांगितलेली एक गोष्ट, मी मधे न तोडलेली, तिच्या शब्दांत. "रोज?" मी विचारलं. "रोज," त्या म्हणाल्या. "मी वाट बघेन."

त्या संध्याकाळी मी मुलीला समोर बसवलं. "हं, बोल. मी गप्प बसलेय. बोल." ती माझ्याकडे बघत राहिली. "अगं बोल ना, मी काय खाणार आहे तुला?" तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. कुकरची शिट्टी झाली, माझं लक्ष घड्याळाकडे गेलं, आणि तेवढ्यात ती उठून गेलीसुद्धा. डायरी तशीच उघडी. कोरी ओळ पाठवायची, म्हणजे बाईंना कळणार, आईला एक साधं काम जमलं नाही. हे मला होणार नव्हतं. मी पेन उचललं आणि लिहिलं: "आज तिने सांगितले, मांजरीला तीन पिल्ले झाली. दोन काळी, एक ठिपक्यांचे."

बाईंच्याच तोंडचा घास मी चोरला होता. दुसऱ्या दिवशी खाली लाल शाईत आलं, "छान!"

मग मला चटकच लागली. काकूंना विचारायचं, आज काय काय झालं, आणि ते लिहायचं. नवरा सांगायचा ते लिहायचं. "आज तिने सांगितले, डब्यातली भेंडी आवडली." "आज तिने सांगितले, तिच्या मैत्रिणीचा दात पडला." रोज लाल शाईत बरोबरची खूण. एकदा तर आलं, "आई, तुमचे कौतुक वाटते." मी ते गाडीत, कशेळीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना आठवून आठवून हसले. बाईंपेक्षा मी पुढे चाललेय असं वाटायचं. घरात मुलगी आधीपेक्षा कमी बोलत होती, पण डायरीत ती इतकी बोलत होती की मला तिकडे बघायची गरजच वाटली नाही.

नवव्या की दहाव्या दिवशी माझा ऑफ होता. दुपारचे चार वाजलेले, मी खाली बसून मेथी निवडत होते. मुलगी समोर अभ्यासाला बसली होती. गृहपाठ बघायला तिने डायरी उघडली आणि बोट ठेवून वाचायला लागली. दुसरीतल्या मुलीला वाचता येतं ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. ती मनात वाचत होती, ओठ हलत होते. पान उलटलं. मागचं पान वाचलं. त्याच्या मागचं वाचलं.

"आई, हे मी ना-ना-नाही सांगितलं."

"काकूंना सांगितलंस ना, तेच ते..." मी सुरू केलं आणि थांबले. माझ्याच पोटच्या मुलीसमोर माझी चोरी पकडली गेली होती, आणि ती रागावलीसुद्धा नव्हती. तिला फक्त कळत नव्हतं की हे तिने कधी सांगितलं.

मी मेथीची जुडी खाली ठेवली आणि पेन हातात घेतलं. "मग खरं काहीतरी सांग," मी म्हटलं. "ते लिहू."

"बा-बा-बा," ती म्हणाली.

बाई! माझ्या जिभेवर आलंच होतं. बाई आवडतात, हो ना, माहितीये मला, सगळ्या जगाला माहितीये. मी दातांखाली जीभ धरली. ती पुन्हा सुरुवातीला गेली, पुन्हा अडकली, डोळे मिटून घेतले, मान एका बाजूला वाकडी झाली. किती वेळ गेला देव जाणे. या वेळात माझी गाडी माजिवड्याच्या पुढे गेली असती. मी बोटांनी चटईची काडी धरून बसले.

"बाहेर जिन्यात तुझे बूट वाजले ना," ती म्हणाली, "की मी शब्द पाठ करते. आधीच. तू आलीस की सां-सांगायला. पण तू दार उघडलंस की ते जा-जातात. मग मला भीती वाटते."

"कशाची?" विचारायला नको होतं, पण विचारलं.

"तुझी."

मग ती घाईघाईने माझ्या हातातलं पेन काढून घ्यायला लागली. "हे डायरीत नको लिहूस. बाईंना पण नाही सां-सांगितलं मी. त्यांना तू वा-वाईट वाटशील."

वर्षभर मला हेच हवं होतं. बाईंना ठाऊक नसलेलं, फक्त मला सांगितलेलं असं काहीतरी. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तर तिने खांदे आवळले. मी हात मागे घेतला. "नाही लिहीत," मी म्हटलं. "अजून सांग." ती काही बोलली नाही. मी बसून राहिले.